रिपोर्ट डॉक्टर देतील

आमच्या मामेसासऱ्यांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या मनातलं ओळखेल असा माणूस पुण्यात अजून जन्माला यायचा होता. चौतीस वर्षं त्यांनी येरवड्याच्या अलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढले. एक्स-रे काढणाऱ्याला फोटो सगळ्यांच्या आधी दिसतो, पण त्यात काय दिसलं हे पेशंटला सांगायचा अधिकार त्याला नसतो; तो डॉक्टरांचा. बाकीचे लोक हा नियम हॉस्पिटलात पाळतात आणि संध्याकाळी तिथेच ठेवून येतात. मामा तो घरी घेऊन आले. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा मामींनी कौतुकाने विचारलं, "अहो, आमटी कशी झालीय?" मामांनी वाटी संपवली, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "रिपोर्ट जावईबापू देतील." मी छान झालीय म्हणालो. साफ खोटं होतं. मामांचा चेहरा तसाच्या तसा.

लग्नकार्यात तर त्यांना आवरणं कठीण. फोटोग्राफरला बाजूला सारून ते स्वतः पुढे यायचे. "हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. धरून ठेवा!" आणि मग रांग मनासारखी लागेपर्यंत "सोडा" म्हणायचे नाहीत. आमच्या घरातल्या सगळ्या अल्बमांत माणसं डोळे वटारून, गाल फुगवून उभी आहेत. एका लग्नात त्यांनी सवयीने नवरीलाच "अंगावर धातूचं काही असेल तर काढून ठेवा" असं सांगितलं होतं. ती बिचारी बांगड्या उतरवायलाही लागली होती. सोसायटीतलं कुणी त्यांना "काय डॉक्टर!" म्हणालं की मात्र त्यांचा पारा चढे. "मी डॉक्टर नाही. माझ्यावाचून डॉक्टरला आतलं काही दिसत नाही, एवढंच."

निवृत्त झाल्यावरही दर दिवाळीला ते फराळाचे डबे घेऊन हॉस्पिटलात जायचे. डॉक्टरांना एकही डबा नाही. "त्यांना द्यायला रांग असते," म्हणायचे. आमची लेक सई डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा आपटली आणि मी तिला तिसऱ्यांदा अभ्यासाला बसवलं, त्या वर्षीची गोष्ट. पोरगी जेवायची नाही, बोलायची नाही, दूध उतू गेलं तरी रडायची. मला वाटायचं, बसेल नेटाने. मामा आले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हिला उद्या माझ्याबरोबर पाठवा. डबे उचलायला माणूस हवंय."

पहिला डबा रक्त काढणाऱ्या बाईंचा. त्यांनी एका सुकलेल्या आजींची शीर नुसत्या बोटाने चाचपून पहिल्या टोचणीत मिळवली. मग तळघरात, जिथे शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करतात. "हा एक दिवस चुकला ना, तर वरचा सर्जन कितीही हुशार असो, उपयोग शून्य," मामांनी त्या घामाघूम माणसाकडे बोट दाखवून सांगितलं. पुढे फिजिओथेरपीवाली, जी एका निवृत्त साहेबांना तीन पायऱ्या चढवण्यासाठी चक्क दम देत होती. आहारतज्ज्ञ बाई श्रीखंडावरून एका मधुमेही काकांशी हमरीतुमरीवर आलेल्या. औषधांच्या खिडकीवरचा माणूस डॉक्टरांना फोन करून "हा डोस जास्त वाटतोय, पुन्हा बघता का?" असं अदबीने विचारत होता. शेवटचा डबा एक्स-रेच्या खोलीत. तिथे खुबा मोडलेल्या एका आजींना तंत्रज्ञ ताईंनी असं काही कलतं केलं की आजींच्या तोंडून हूं की चूं नाही. सई तिथे तासभर उभी होती. घरी आली, चार चकल्या खाल्ल्या आणि म्हणाली, "बाबा, मला हे करायचंय."

"एक्स-रे काढायचे?" मी म्हणालो. ज्या सुरात म्हणालो, त्याची मला आजही लाज वाटते. मामा सोफ्यावरच होते. म्हणाले, "बरोबर आहे जावईबापूंचं. त्यांचा गुडघा मोडला तेव्हा डॉक्टरांनी नुसता हात फिरवून ओळखलं होतं, नाही का?" मी गुडघा चोळत फॉर्मवर सही केली. सईने लोणी काळभोरच्या बाजूच्या एका कॉलेजात एक्स-रे तंत्राच्या पदवीला प्रवेश घेतला.

यंत्रांचं सगळं कॉलेजने शिकवलं. मामांनी एकच धडा घेतला, चेहऱ्याचा. "फोटो चांगला आला तरी हसायचं नाही. चांगल्याला हसलीस, तर वाईटाला न हसणं हाच रिपोर्ट होतो. पेशंट तोंडाकडे बघत असतो गं." मग ते तिला समोर बसवून विनोद सांगायचे आणि ती दर वेळी फस्सकन हसायची. "नापास!" असं मामा शांतपणे जाहीर करायचे. पदवी मिळाली, त्याच हॉस्पिटलात नोकरी लागली, तरी मामांकडे ती नापासच.

गेल्या वर्षी मामांचा खोकला हटेना. "फोटो सईच काढेल," असा हट्ट. मी बाहेरच्या बाकावर होतो. आतून ऐकू आलं, "आजोबा, अंगावर धातूचं काही?" "मला विचारतेस?" "हनुवटी वर. श्वास घ्या. धरून ठेवा." आणि लगेच, "सोडा." मामा गुंड्या लावत बाहेर आले. थोड्या वेळाने सई आली.

"काय गं?" मामांनी विचारलं.

"रिपोर्ट डॉक्टर देतील, आजोबा."

मामांनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, बराच वेळ. मग माझा दंड धरून ओरडले, "जावईबापू, काही कळत नाही! एक रेष हललेली नाही! पास!" बाकावरचे सगळे बघायला लागले. मामा हसत होते. इतक्या वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. घरी जाऊन त्यांनी यच्चयावत नातेवाइकांना फोन लावले, सई पास झाली म्हणून. त्यानंतर मामा चारच महिने होते. प्रत्येक भेटीत त्यांनी ही गोष्ट सांगितली, खोकत खोकत.

फोटो काढला त्या संध्याकाळी मी सईला हॉस्पिटलातून आणायला गेलो. ती स्कूटरवर मागे बसली. नदीच्या पुलावर तिने कपाळ माझ्या पाठीला टेकवलं आणि घर येईपर्यंत उचललं नाही. शर्ट ओला झाला होता.