लिंबाजीमामांचा मोर

रेल्वेनं बदनापूर मागे टाकलं. समोरच्या काकूंनी डबा पुढे केला. "घे की. लाजून राह्यली व्हय? उपाशी उतरशील." मी थोडा सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात तो) घेतला. जालन्याला मी एक कबुली द्यायला निघाले होते आणि तिच्यासाठी शब्द सापडत नव्हते.

पुण्यातल्या एका कलादालनात माझी दिव्यांची भिंत लागून आठ दिवस झाले होते. समोर कुणी उभं राहिलं की भिंतीवर मोर पिसारा फुलवतो. हे कुठं शिकलात, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी परदेशातल्या कॉलेजचं नाव सांगितलं. मोर जालन्यातल्या मस्तगडच्या लिंबाजीमामांचा होता.

मामा मंडपांच्या रोषणाईचं काम करत. शाळेची रिक्षा मला त्यांच्या दुकानापाशी सोडायची आणि बाबा येईपर्यंत मी तिथंच बसायचे. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं, पण तिथं कुणी बोलायला लावत नसे. मामा रोलर (तांब्याच्या पट्ट्या ठोकलेला, मोटरीवर फिरणारा लाकडी दांडा) घडवत. वरची तार तांब्याला टेकली की माळ पेटायची, लाकडावर आली की विझायची. त्यातूनच त्यांचा मोर पिसारा फुलवायचा. "तांबं कुठं लावायचं ते कुणीबी सांगल," ते म्हणायचे. "लाकूड कुठं उघडं सोडायचं ते शीक." पुढे कॉम्प्युटरवर मी जे काही घडवलं, ते याच शिकवणीवर.

आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. शेजारचे मारवाडी शेटजी म्हणाले, "लिंबाजी तर परतूरकडच्या आष्टीला गेला, गावी. तू कोपऱ्यात मुकी बसायची तीच ना?" मी मान हलवली. "बिलकुल तशीच हाय की!" म्हणत त्यांनी बसस्टँडची वाट दाखवली.

बसच्या खिडकीतून मोसंबीच्या बागा, वेचणीला आलेला कापूस दिसत होता. घाईत मी एक थांबा आधीच उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले. बरंच झालं, तेवढाच उशीर.

मामा अंगणात मामींबरोबर तुरीच्या शेंगा सोलत होते. "ये माय," मामा म्हणाले. "काय करून राह्यली आता?"

मी मोबाइलवर भिंत दाखवली. मामी लगेच म्हणाल्या, "आवं, ह्यो तर तुमचाच मोर!" मामांनी तो पुन्हा एकदा पाहिला.

"तुम्हाला न विचारता घेतला, मामा."

"आमच्यात नारळ घेऊन जातात," ते सावकाश म्हणाले. "दुसऱ्याची नक्षी लावायची आसली तर. मी बी गेल्तो एका म्हाताऱ्याकडं."

"मी आत्ता आणते."

"काम लागायच्या आधी न्यायचा आसतो. आता काय उपयोग न्हाई."

"मग काय करायचं असतं?"

"बंद करायचं, त्या मोसमापुरतं. पुढल्या साली नारळ घेऊन यायचं." त्यांनी पुढची शेंग सोलली. "तुला कोण बंद करायला लावणार, म्हणा. तुमचं शहर येगळं."

"जाऊ द्या की," मामी म्हणाल्या. "लेकरू लांबून आलं."

"आपलं हाय म्हणून सांगून राह्यलो. दुसऱ्याला सांगितलं नसतं."

तुरीच्या सोल्यांची आमटी आणि भाकरी आग्रहानं वाढली गेली. मोराचा विषय पुन्हा निघाला नाही.

परतीच्या गाडीत मी लॅपटॉप उघडला. भिंत तिथूनही बंद करता येत होती. प्रदर्शनाचे तीन आठवडे उरले होते आणि पुढचं काम त्यावरच ठरणार होतं. परतूर गेलं, जालना आलं, तोवर मी नुसती बसून होते. मग बंद केली.

दालनाच्या व्यवस्थापकांचा लगेच फोन आला. "भिंत काळी पडलीये. बिघाड आहे का?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. मी बंद केलीय. मोर माझा नाही. ज्यांचा आहे, त्यांना मी आधी विचारलं नव्हतं."

आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. माझ्या गप्प राहण्याला घरचे, शाळेतले, मी स्वतःही, लाजाळूपणा म्हणत आलो. मुलाखतीत मामांचं नाव मी गिळलं, ते लाजून नव्हे. मला त्या नावाची लाज वाटली होती.