चौथा बाजार

गिरिजाबाई आमच्या अंगणवाडीत बावीस वर्षं मदतनीस आहेत. पोरं त्यांना मावशी म्हणतात. मी सेविका, म्हणजे कागदावर त्यांच्या वरची; पण लेकरांना कसं शिकवायचं ते मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांचं म्हणणं असं, की पोरगं 'एक ते दहा' घडाघडा म्हणतं ते मोजणं नव्हे. तीन चिंचोके मागा, मूठभर आणून देतं. दिवसांचंही तेच. जे होऊन गेलं ते सगळं पोरांच्या लेखी 'काल', मग ते परवाचं असो नाहीतर गेल्या वर्षीचं.

जळकोटच्या बाजूच्या आमच्या गावातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या जातात. चार वर्षांच्या दीक्षाला आजीपाशी, विठाबाईंपाशी ठेवून तिचे आईबाप गेले. आई कधी येणार, असं पोरगी रोज विचारायची. कुणी 'उद्या' म्हणायचं, कुणी 'येईल की'. मोठी माणसं लेकरांच्या तोंडावर असली उत्तरं फेकतात त्याची मला चीड आहे.

फेब्रुवारीत आईचा फोन आला, चार बाजार झाले की येतो. बाजारादिवशी आजी शेव आणते, म्हणून तेवढा एक वार दीक्षाला ओळखता यायचा. गिरिजाबाईंनी तोच धरला. दर बाजाराला एक बोट मिटायचं. चार मिटली की आई.

पहिल्या बाजारानंतर पोरगी करंगळी मिटूनच आली, खिचडी खातानाही उघडेना. तिसऱ्या बाजाराला न विचारता सांगत सुटली, "एकच राहिलाय." चारातून तीन गेले की एक उरतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या ट्रेनिंगात असलं शिकवत्यात का, म्हणून गिरिजाबाईंनी मला चिडवून घेतलं.

चौथ्या बाजारी दीक्षा मूठ आवळून दिवसभर दारात बसली. मुकादमानं टोळी परस्पर दुसऱ्या कारखान्यावर, पार कर्नाटकात नेली होती. दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईंनी तिची मूठ हलकेच उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून चार मोजायचे, असं सांगितलं. तिथंच चुकलं. बावीस हंगाम टोळ्या जाता-येता पाहिलेल्या बाईला अशा वायद्यांचा भरवसा नसतो हे ठाऊक नव्हतं का? होतं. मलाही होतं. पोरीचं रडं थांबत होतं, म्हणून मी गप्प बसले. पुढचे चार बाजारही तसेच कोरडे गेले.

मग पर्यवेक्षिका तपासणीला आल्या. दीक्षापुढे चार चिंचोके ठेवून मोज म्हणाल्या. तिनं तीन मोजले आणि चौथा बाजूला सारला. तो राहिला की गं, असं बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"चार नसतंय," दीक्षा म्हणाली. "मावशी उगंच म्हणत्यात."

पर्यवेक्षिकांनी मला मोबाईलवर संख्याज्ञानाची नोंद करायला सांगितली. गिरिजाबाई पातेल्यापाशी उभ्या होत्या. पदराला हात पुसत पुढे आल्या.

"म्याडम, तिला चार येतंय. आमाला येत न्हाय. आमच्या नावानं लिवा."

मोबाईलमध्ये आमच्यासाठी रकाना नव्हता. मी दीक्षाच्या नावापुढे 'नाही' दाबलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.