मधल्या खोलीतलं ऊन

लिहितो लिहितो म्हणत आठवडा घालवला, राजेहो. मधेच सायकल काढून रामटेकला काय गेलो, तिथून येताना दोन दिवस मावशीकडे काय राहिलो... आज बसलोच.

ताईचं बाळंतपण पुण्याला, सासरीच झालं. आईनं नातवाला अजून पाहिलेलं नाही. महिनाभर ती पाळण्याची दोरी धुते, वाळवते, पुन्हा धुते...

त्यातच शेजारच्या काकांकडे जावईबापूंचा ट्रंक कॉल आला. बाळाला घेऊन यायचं म्हणतोय, नागपुरात ऊन कितपत आहे?

आता पुणेकरानं नागपूरच्या माणसाला ऊन विचारावं... बाबांची छातीच फुगली. सेहेचाळीस, म्हणाले. वर, आमच्या गच्चीवर पापड वाळत नाहीत, भाजतात, हेही ऐकवलं. झालं. ताईच्या सासूबाईंनी येणं दिवाळीवर ढकललं.

बाबा घरी येऊन हे कौतुकानं सांगत होते. गहू निवडता निवडता आईचा हात थांबला.

"अहो, त्यायले पेपरातलं ऊन कशाले पाहिजे? लेकरू जिथं झोपन, तिथं किती गरम होते, हे इचारत होते ते."

मी शाळेत फार टिकलो नाही, पण हे पटलं. ऊन किती म्हणजे कुठलं? रस्त्यावरचं, पत्र्याखालचं? सकाळचं की दुपारचं?

कोराडीच्या वीजकेंद्रातल्या मित्राकडून भिंतीवरचा थर्मामीटर आणला. (कोळशाचे ट्रक बघत बसलो, त्यात एक बस चुकली, ते जाऊ द्या.) मधल्या खोलीत पाळण्याच्या कडीला तो बांधला, खिडकीतली वाळ्याची ताटी भिजवली, पंखा लावला. आई सारखी स्टुलावर चढून बघायची. भर दुपारी एकतीस...

ट्रंक कॉल लावला, तर फोनवर सासूबाईच. मी खोली, ताटी, वेळ, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, रात्री किती? मोजलं नव्हतं. ताटी सुकल्यावर? तेही नाही. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हन्ल्या गा त्या?" आईनं विचारलं.

बरं म्हणाल्या, मी सांगितलं. तिनं दोरीची घडी केली आणि फळीवर ठेवून दिली... जेवलीही नाही धड.

हे आठवड्यापूर्वीचं. आत्ता लिहिता लिहिता फाटकाशी रिक्षा थांबली आहे. आधी सासूबाईच उतरल्यात, डोक्याला ओला पंचा, खांद्यावर बाळ. मागून ताई. रामराम नाही की काही नाही, त्या विचारताहेत, ती खोली कुठली?

आई अनवाणीच धावली. अंगणातली फरशी तापलेली आहे, तिला कळलेलंसुद्धा नाही...