तात्यांचं झटका मशीन

तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला पहिल्यांदा कपबशीतून चहा दिला तो दिवस मी विसरलेले नाही. त्या घरात लहानपणापासून मी स्टीलच्या पेल्यातूनच चहा प्याले. कपबशी फळीवर पालथी असते आणि सोयरे आले की उतरते. त्या दिवशी ती माझ्यासाठी उतरली. काकूने ती समोर ठेवली आणि माझ्याकडे न बघता ती आत गेली.

कारण होतं मी नेलेलं एक पत्र.

मी फुटणाऱ्या ताऱ्यांवर, म्हणजे सुपरनोव्हांवर काम करते. त्यांतला एक प्रकार साधारण सारख्याच तेजाने फुटतो. ओझरच्या दीपमाळेवरचा दिवा आमच्या मळ्यातून बारीक दिसतो, त्यावरून देऊळ किती लांब आहे याचा अंदाज येतो, तसंच हे. तारा किती मंद दिसतो यावरून त्याचं अंतर काढायचं, आणि त्याचा प्रकाश किती ताणला गेलाय यावरून मधल्या काळात विश्व किती पसरलं ते काढायचं. पण सगळ्या दिव्यांत तेल सारखं आहे का, ते आधी कळायला हवं. फुटलेला तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेत जड झाला आणि फुटला, की दुसरंच काही झालं? शेजाऱ्याचा वायू आसपास उरला असेल तर स्फोटाचा धक्का त्यावर आदळतो आणि रेडिओ लहरी निघतात. त्या पहिल्या काही आठवड्यांतच सापडल्या तर सापडतात.

असा एक तारा फुटलेला दिसला आणि मला दुर्बिणीचा वेळ मिळाला. दोनच वेळा. आळे आणि ओझरच्या मधल्या रानात आमच्या मळ्यापासून दोन बांध सोडून रेडिओ दुर्बिणीची एक तबकडी उभी आहे. लहानपणी मी तिच्याकडे बघत शेळ्या राखल्या होत्या. आता त्याच तबकडीसाठी मी अर्ज केला होता, याचा मला फार आनंद होता. पहिल्या वेळेची नोंद उघडली तर सगळ्या पडद्यावर उभ्या रेघा. दर सव्वा सेकंदाला एक, घड्याळासारखी. त्या गोंधळात ताऱ्याचा आवाज असला काय आणि नसला काय, काहीच सांगता येत नव्हतं. पहिली वेळ वाया गेली. दुसरी येत्या गुरुवारी होती.

असा ठोका आकाशातून सहसा येत नाही. आमच्या भागात तो ओळखीचा आहे. बिबट्या उसातून बाहेर येऊ नये म्हणून लोक शेताला तार बांधतात आणि तिच्यात ठोक्याठोक्याने वीज सोडणारं झटका मशीन लावतात. तार कुठे लोखंडाला टेकली की ठिणगी उडते, आणि ती ठिणगी दुर्बिणीला विजेच्या कडकडाटासारखी ऐकू येते. मी हातातला अँटेना घेऊन सकाळी रानात निघाले. ठोका जिकडे मोठा होईल तिकडे चालत गेले. पहिला बांध ओलांडला, दुसरा ओलांडला, आणि तात्यांच्या गोठ्यापाशी येऊन थांबले.

इथे मी चूक केली. तशीच आत जाऊन बोलायला हवं होतं. पण इतकी वर्षं शिकून माझ्या अंगात एक सवय मुरली होती, की कामाची गोष्ट कागदावर असावी. मी परत गेले, विनंतीचं पत्र टाइप केलं, त्यावर संस्थेचा शिक्का मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते तात्यांच्या हातात दिलं. स्वतःच्या चुलत्याच्या.

तात्यांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. "मा. महोदय." मग काकूला हाक मारली, "अगं, पावणी आलीय. चहा टाक."

"तात्या, सहा तासच बंद ठेवा. गुरुवारी सकाळी."

"तारा कवा फुटला तुजा?"

"खूप आधी. कोट्यवधी वर्षं झाली."

"मंग आता काय घाई हाय त्याला? आमचा बिबट्या तर मागल्याच म्हयन्यात गोठ्यात आल्ता. दोन शेळ्या नेल्या. तुजी काकू हितं घास कापीत बसली व्हती, दिसाउजेडी."

काकू घास, म्हणजे गुरांचा हिरवा चारा, कापायला रोज उसाच्या कडेला बसते. तेव्हापासून मशीन दिवसरात्र चालू होतं. मला हे कुणी कळवलं नव्हतं.

"ते आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला पत्र लिव्हायला पायजे व्हतं व्हय?"

मग ते म्हणाले, "पाचवीपासून दहावीपतोर तुला गाडीवर शाळंत कोण नेत व्हतं? तवा मागितला व्हता का मी कागद?" ते खरं होतं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मी गेले त्यात तात्यांचा मोठा वाटा होता. तेच उपकार त्यांनी माझ्या तोंडावर फेकले आणि मला राग आला. मी म्हणाले, "मग काय आयुष्यभर तेच ऐकायचं का?"

"नगं ऐकूस. गुरुवारी सहा तास तूच बस गोठ्याशी काठी घिऊन. मी मशीन बंद करतो."

पत्र त्यांनी घडी न करता गोठ्याच्या खांबावरच्या खिळ्याला टोचलं. गव्हाणीवर, बैलांच्या तोंडासमोर.

मी कपातला चहा तसाच ठेवून बाहेर आले. जायचं सोडून कुंपणाच्या कडेने चालू लागले, कारण डोक्यात राग असला की मला काहीतरी मोजायला लागतं. आणि तिथे मला दिसलं. लोखंडी खांबाला तार टेकू नये म्हणून चिनी मातीचे इन्सुलेटर बसवतात. तात्यांनी त्याऐवजी ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे चढवले होते. आमच्याकडे बरेच जण असंच करतात. नळी उन्हाने तडकली होती. फटीतून टक टक ठिणगी पडत होती. असे सतरा खांब मी मोजले. पुढे काही ठिकाणी गवतही तारेवर वाढलं होतं.

शेवटच्या टोकाला, जिथे काकू घास कापते, तिथे मी उघड्या हाताने तार धरली.

तात्या गोठ्यातून ओरडले, "येडी झाली का?"

"या इकडे," मी म्हणाले. "धरून बघा."

ते आले, मला लांब सारलं आणि तार धरली. मशीनपाशी हीच तार माणसाला मागे फेकते. इथे तिने फक्त मुंग्या आणल्या. झटका वाटेतच गळत होता. जी गळती माझ्या पडद्यावर रेघा काढत होती, तिच्यामुळेच हे टोक जवळजवळ मेलं होतं. महिनाभर काकू त्या तारेच्या भरवशावर पाठ करून बसत होती.

मला वाटलं, आता ते नरमतील. त्यांनी तार सोडली, हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "माज्या तारंला हात लावायचा न्हाई." त्यांचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. मी त्यांना काकूसमोर खोटं पाडलं होतं, आणि काकू दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी नारायणगावहून चिनी मातीचे इन्सुलेटर घेऊन गेले. तात्या पक्कड आणि कोयता घेऊन पहिल्या खांबाशी उभे होते. दुपारपर्यंत आम्ही काम केलं. त्या वेळात त्यांनी दोनच शब्द वापरले, "धर" आणि "सोड". एकदा मी तार उलटी गुंडाळली तेव्हा तिसरा आला, "शिकलेली."

गुरुवारी मशीन क्षणभरही बंद झालं नाही. काकू घास कापत होती. माझ्या पडद्यावर एकही रेघ नव्हती.

आणि ताऱ्याच्या जागी काहीही नव्हतं. रेडिओ लहरींचा मागमूसही नाही. म्हणजे आसपास शेजाऱ्याचा वायू फारसा नव्हता, आणि हे आता खात्रीने सांगता येत होतं. मी ते तात्यांना सांगायला गेले.

"काय दिसलं?"

"काही नाही."

"एवढा राडा करून?"

"आधीही काही दिसत नव्हतं, पण ते ठिणग्यांच्या गोंगाटामुळे. आता दिसत नाही म्हणजे तिथे खरंच नाही."

त्यांनी तळहातावर तंबाखू मळली. "नसल्याची खात्री," ते म्हणाले. "त्यासाठी पगार देत्यात."

मी सांगितलं की लेखाच्या शेवटी मदत करणाऱ्यांचे आभार मानतात आणि मला त्यांचं नाव घालायचं आहे. ते ताडकन उभे राहिले.

"माजं नाव टाकू नगं. वाचणारा म्हणंल, ह्यानं पुतणीसाठी मशीन बंद केलं. मी केलं न्हाई."

मी नाव घातलं नाही. निघताना गोठ्यातलं पत्र काढायला हात पुढे केला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शिक्का हाय त्याच्यावर." तोवर काकू चहा घेऊन आली होती. कपबशीतच. मी तो चहा संपवला, बशीतला सांडलेलासुद्धा.