पाळणाघराचं कुलूप

कुलूप होतं. पाळणाघराच्या दाराला हे एवढं मोठं कुलूप, आणि आत माझी पोर.

मी पॅकिंगच्या लाइनवरून पळत आलेली. दूध पाजायची सुट्टी झालेली, डोक्यावरची टोपी पण काढली नव्हती. दार बडवलं. आतून ना रडणं, ना पाळण्यांच्या हुकांची करकर. खिडकीतून बघितलं तर पायपाला बांधलेले सगळे पाळणे सोडलेले. आमी प्रत्येकीनं घरून आपली आपली जुनी साडी आणून पाळणा बांधलेला. माझी हिरवी साडी, जिच्यात पोर निजायची, ती फरशीवर पडलेली. मी ओरडले. मागून बाकीच्या आया धावत आल्या, त्या पण ओरडायला लागल्या. मग सुपरवायझर आला नि बोलला, "बोंबलताय कशाला? पोरं गेटवर आहेत. आजपासून हे बंद. वरून ऑर्डर आहे."

गेटपर्यंत कशी गेले माहीत नाय. पोरं सांभाळणारी मावशी वॉचमनच्या केबिनमधे बसलेली, एक मांडीवर, एक खांद्यावर, बाकीची खाली पुठ्ठ्यावर. ती स्वतःच रडत होती. माझी पोर मला बघून हसली. मी तिथंच खाली बसले नि तिला पदराखाली घेतलं.

पावणे गावातली कंपनी ती, औषधाची. आमी गोळ्यांच्या बाटल्या भरायचो. पाळणाघर मी कामाला लागायच्या आधीच युनियननं मिळवलेलं. त्याच्या आधी बाया तान्ही पोरं घरी टाकून यायच्या. दुपारी दूध भरून आलं की पोलकं भिजायचं, मग मोरीत जाऊन पिळून टाकायच्या. हे मला आमच्या लाइनवरच्या आजीनं सांगितलं. आजी काय एवढी म्हातारी नव्हती, पण सगळ्या तिला आजीच बोलायच्या. इथलीच, गावातली. तिच्या सासऱ्याच्या शेतावरच कंपनी उभी, म्हणून तिला नोकरी.

आजीची पोरं तेव्हा लग्नाला आलेली. तरी पाळणाघरासाठी तीच पुढं. गेट मीटिंगला युनियनचा लीडर स्टुलावर उभा राहून मागण्या वाचायचा. दूध पाजायच्या सुट्टीच्या मागणीवर आला नि अडकला. एवढे पुरुष समोर. बोलला, "महिलांना, त्या, बाळाच्या कारणासाठी..." खालून आजी ओरडली, "कारन कसला रं? दूध पाजाला बोल! तू काय चाय पिऊन मोठा झालास?" सगळं गेट हसलं. लीडर पण हसला. मी नव्हते तिथं, पण एवढ्या वेळा ऐकलंय की मी होते असंच वाटतं.

माझी सासू गावाला. हे वाशीच्या मार्केटात गोणी उचलायचे, काम असलं तर असलं. पोरीला बघायला दुसरं कोण नाय. पाळणाघर होतं म्हणून मी कामावर होते.

कुलूप लागलं तसा संप झाला. गेटसमोर मांडव टाकला, पोरं घेऊन आमी तिथं बसलो. आधी लय जोर. घोषणा दिल्या की पोरं पण मुठी वर करायची. लीडर रोज यायचा. मग कधीतरी यायला लागला. मग आलाच नाय. कंपनीनं आपली दुसरी युनियन काढली, पिवळ्या बिल्ल्याची. आमचा लाल. ट्रक गेले की धूळ उडायची, पोरीचा खोकला थांबेना.

एक दिवस सकाळी छोटं गेट उघडलं. मॅनेजर बोलला, "लाल बिल्ला इथं काढून ठेवा आणि आत या. तुमच्यासाठी पाळणाघर चालू केलंय." त्याच्या मागं मावशी उभी. मला हाक मारली, "ये गं. तुझी साडी धुवून बांधून ठेवलीय."

मी उठले. पोर कडेवर, तिचं अंग गरम. आजीकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या घालते. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला नि बोलली, "जा गो बाय. पालना मागला तो पोरांसाठीच ना? मी काय बोलनार नाय."

माझा पाय उचलला नाय. एवढंच. मी परत खाली बसले.

बाकीच्या एकेक करून गेल्या, मान खाली घालून. त्यांना मी काय बोलू? त्यांची पण पोरंच होती. मग मांडव निघाला, मला नि आजीला कामावरून काढलं. पावसाळा संपला तसं ते पाळणाघर पण बंद झालं. आता तिथं खोके ठेवतात. लाइनवर ठेकेदाराच्या बाया, त्यांना ना लाल बिल्ला ना पिवळा.

मी वाशीला सोसायटीत भांडी घासते. पोरीला दाराबाहेर चपलांजवळ बसवते, ती आतल्या टीव्हीचा आवाज ऐकत बसते. मला त्या हुकांची करकर आठवते. भिंतीला पाठ लावून आमी सगळ्या आया ओळीनं बसायचो, पोरं अंगावर, कोणाला घाई नाय, सुपरवायझर पण त्या दारात पाय ठेवायचा नाय. तेवढा वेळ आमचा होता. माझ्या पोरीला त्यातलं काय आठवणार?

परवा पावण्यावरून येताना त्याच गेटवर एक नवी पोरगी बघितली. पदर पुढं ओढून घेत होती. पोलकं भिजलेलं. माझ्याकडे बघितलं नि लाजली.

तेव्हापासून झोप नाय. मी आत गेले असते तर पोरीला सावली मिळाली असती, थोडे दिवस का होईना. सगळ्याच बसून राहिलो असतो, तर? पोर तापलेली, गेट उघडं, आत साडी बांधलेली, बाहेर आजी. सांगा ना, तुमी काय केलं असतं?