यासीनभाईंचा परदेशी वस्ताद

यासीनभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विसरवाडीच्या फाट्यावर बसची वाट पाहत होतो. ट्रकच्या आवाजात त्यांच्या मुलीचं, शमीमचं बोलणं धड ऐकू येईना. 'काका, अब्बा गयात...' एवढंच कळलं. बस आली आणि गेली, मी तिथेच उभा. ते नंदुरबारचे युनानी हकीम, मी रसायनशास्त्राचा मास्तर. आमची उभी हयात एकमेकांशी भांडण्यात गेली. आता भांडायचं कुणाशी?

भांडणाचं मूळ म्हणजे एक पुस्तक. जाड चामड्याच्या बांधणीचं, लॅटिनमधलं, युरोपात छपाई नवीनवी होती तेव्हाचं. वैद्यक आणि किमया यांवरचं. त्यांच्या आजोबांनी तापानं फणफणलेल्या एका गोऱ्या पाद्र्याला बरं केलं, त्यानं ते भेट दिलं म्हणे. घरात कुणाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नसे, म्हणून की काय, त्याचा मान मोठा. रेशमी कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेलं, आणि कसर लागू नये म्हणून सोबत वाळलेल्या लाल मिरच्या! पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी शिंकून शिंकून बेजार झालो. 'डोयाले हात लावू नका, सर,' यासीनभाई हसत म्हणाले. पण पान उलटलं आणि मी शिंकणंच विसरलो. भट्ट्या, लांब चोचीची काचपात्रं, मुळांसकट काढलेली झाडं... एका चित्रात अर्क काढायची भट्टी होती, आणि मागच्या खोलीत यासीनभाईंचा गुलाबाचा अर्क अगदी तशाच भांड्यातून ठिबकत होता. माझ्या विषयाचे पूर्वज मला असे मिरचीच्या खकाण्यात भेटले. पुढच्या पानावरच्या सूर्यावर लालभडक छटा होती. किमयागारांच्या रंगांवर मी लांबलचक भाषण ठोकलं. निघाला मिरचीचा डाग.

ही चित्रं ते रोग्यांना दाखवत. 'गोरा डॉक्टर बी आपलीच विद्या शिकेल शेतस,' असं सांगत. मी चिडवायचो, 'यासीनभाई, हे सोनं करणाऱ्यांचं पुस्तक. लोकांना थापा मारताय तुम्ही.' ते हसण्यावारी न्यायचे. पण आजार बळावला, अंथरूण धरलं, आणि तेच बोलणं त्यांना टोचायला लागलं. 'सर, मी जिंदगीभर लोकेसले खोटं सांगं का हो?' एकदा त्यांनी विचारलं, आणि त्या पुस्तकात खरोखर काय लिहिलंय ते वाचून घ्यायचं मी ठरवलं.

नवापूरकडच्या डोंगरातले, शेतकऱ्याच्या घरचे एक फादर माझ्या ओळखीचे. सेमिनरीत लॅटिन शिकलेले. त्यांना घेऊन आलो. फादर वाचून अर्थ सांगू लागले. सुरुवातीची पानं सगळी शिशाचं सोनं करण्याची. यासीनभाईंनी डोळे मिटून घेतले. मी जिंकलो होतो, आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं.

मग फादरचं बोट एका जागी थांबलं. लेखक लिहितो : सोनं काही मला साधलं नाही. त्या खटपटीत जी औषधं हाती आली ती इथे देतो, आणि अर्काची रीत मी अरबी हकिमांच्या ग्रंथांतून घेतली आहे. खाली त्यानं आपल्या गुरूंची नावं दिली होती. फादर ती वाचत गेले, आणि एका नावाला यासीनभाई उशीवरून उठून बसले. त्यांच्याकडे औषध कुटण्याआधी वस्तादांची नावं घ्यायची रीत आहे, फक्त हयात नसलेल्यांची. पार जुन्या हकिमापासून आजोबा-वडिलांपर्यंत. त्यांतलंच ते नाव, लॅटिन वळणानं लिहिलेलं. कुठला तो देश, कुठलं ते शतक... आणि नंदुरबारच्या खाटेवरचा माणूस ते नाव ओळखत होता!

'याना वस्ताद आन् मन्हा वस्ताद एकच शे,' यासीनभाई म्हणाले. 'आते यानं नाव बी लेवानं.'

'अहो, तो सोन्यामागे धावलेला माणूस!'

'सोनं भेटनं नही, हाई त्यानी सोताच लिखी दिधं. एवढं खरं कोन बोलस, सर?'

लेखकाचं ते अवघड नाव त्यांनी फादरकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, शमीमलाही म्हणायला लावलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

परवा दवाखान्यात गेलो. आता तो शमीम पाहते. म्हसावदहून आलेली एक म्हातारी खोकत बसली होती. शमीमनं खलात ज्येष्ठमध टाकलं, बत्ता उचलला आणि तशीच थांबली. 'काका, अब्बा गयात तशी मी कुटाले बसनूच नही. आते त्यासनं बी नाव लेनं पडी...' म्हातारीला पुन्हा खोकल्याची उबळ आली. शमीमनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि नावं घ्यायला सुरुवात केली. जुने हकीम झाले, तो परदेशी वस्ताद झाला, पणजोबा, आजोबा झाले. ती घुटमळली. मग जन्मात कधी तोंडानं न घेतलेलं बापाचं नाव तिनं घेतलं, आणि बत्ता खाली आला.