दोन वर्षं, पाच महिने

माझ्या यादीतल्या एका घरातली धाकटी सून लाँड्रीत इस्त्री करते. आठ तास उभं राहायचं, समोर चादरींचा ढीग आणि चेहऱ्यावर वाफ. स्वभावानं बोलकी, चेष्टेखोर. फक्त मी वजनकाटा घेऊन दारात आले की तिच्या तोंडाला कुलूप. चौदा वर्षं मी समजत होते, बाई लाजाळू आहे. आम्ही नोंदी ठेवणारे स्वतःला फार हुशार समजतो.

माझं काम म्हणजे अंगावर दूध प्यायलेली मुलं पुढं कशी वाढतात, ते दरवर्षी लिहून ठेवायचं. वजन, उंची, कानदुखी, दमा, रक्तातली साखर. त्या घरातली दोन मुलं आमच्या यादीत होती. धाकटीचा मुलगा : दोन वर्षं पाजलं, ठणठणीत. थोरल्या जावेची मुलगी : पाच महिने, दमेकरी. दरवर्षी मी कागद उघडायची आणि थोरलीला सुनवायची, "अहो, जरा नेट धरला असता तर?"

"आटलं हो," म्हणून थोरली चहा ठेवायला आत जायची.

यंदा आमच्या कार्यालयानं धाकटीचा सत्कार ठरवला. नव्या आयांसमोर दोन शब्द बोलायचे होते. मी आमंत्रण घेऊन लाँड्रीत गेले, तर बाईनं इस्त्री बाजूला ठेवली आणि रडायलाच लागली.

"मी पाजलंच नाही हो त्याला. तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडे गळू झालं, ऑपरेशन झालं, दूध गेलं ते गेलंच. ताईंची पोर तेव्हा पाच महिन्यांची. दोघांना पुरेना, म्हणून ताईंनी तिला बाटली लावली आणि माझ्या पोराला पदराखाली घेतलं. तुम्ही विचारायला आलात तेव्हा सासूबाईच बोलल्या, हिनंच पाजलं म्हणून. मी नुसती मान हलवली. आता ती पोरगी खोकली की वाटतं, हे माझ्यामुळंच."

दम्याचं खापर एकट्या दुधावर फोडता येत नाही, हे मी तिला सांगितलं. खरंच येत नाही. मग इतकी वर्षं मी थोरलीच्या डोक्यावर काय फोडत होते? मला माझीच लाज वाटली.

तडक थोरलीकडे गेले. म्हटलं, नोंद दुरुस्त करते. तिनं माझा पेनाचा हात धरला.

"अजिबात नाही. आईनं आपलं तोडून दुसऱ्याला दिलं, हे लेकीला कळलं तर? ती मलाही माफ करणार नाही आणि धाकटीलाही. लिहिलंय ते राहू दे."

मी पेन पिशवीत टाकला. आता त्या खोट्यात मीही अडकले.

सत्कार झाला. धाकटी माइकसमोर उभी राहिली. "बाळाला अंगावर पाजा, ते पुढं जन्मभर उपयोगी पडतं," एवढं कसंबसं म्हणाली आणि खाली उतरली. घामानं नुसती निथळत होती. थोरलीनं उठून तिला आपली खुर्ची दिली.

तेवढ्यात थोरलीची लेक गर्दीतून धापा टाकत आली. तिनं धाकटीच्या गळ्यात हात टाकले.

"काकू, तू माझी आई असतीस तर मला दमा झालाच नसता ना गं?"

धाकटीनं तोंड उघडलं. थोरलीनं तिचा खांदा घट्ट दाबला आणि मोठ्यानं हसली.

"बरं बाई, पुढच्या जन्मी हिच्याच पोटी ये," ती म्हणाली आणि लेकीची धाप थांबेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.